गडचिरोलीत स्वयंसेवकांचं एकत्र घर: पाणी, मेस, पाळ्या आणि पावसाळ्याची तयारी

पळसफूल

जोहार मंडळी. जूनपासून वर्षभरासाठी भामरागड तालुक्यातल्या एका गावात सहा जणांचा गट राहायला जातोय. तीन मुली, तीन मुलगे, वयं २१ ते २६. काम शाळेतल्या मुलांसोबत आणि आरोग्यफेऱ्यांचं. घर भाड्याचं, कवेलूचं, चार खोल्या आणि मागे पडवी. हापसा शंभरेक पावलांवर. वीज आहे, पण पावसात दोन-दोन दिवस नसते. संडास दोन खड्ड्यांचा. फ्रीज नाही. मानधन बेताचं.

कामाबद्दल प्रशिक्षण मिळालंय, घर चालवण्याबद्दल कोणी काहीच सांगितलेलं नाही. तिथे राहिलेल्यांनी नेमकं सांगावं: जाण्याआधी काय घ्यायचं, पहिल्या आठवड्यात काय ठरवून टाकायचं, कुठे बिनसतं?

रानवाट

सगळ्यात आधी पाणी. बाकी कशावरून भांडणं झाली तर मिटतात, पाण्यावरून झाली की रोज होतात, कारण पाणी रोज भरायचं असतं.

हिशेब असा. जलजीवन मिशन माणशी दिवसाला ५५ लिटर धरतं. सहा जणांचे ३३० लिटर. काटकसरीनं २५०-२७० मध्ये भागतं. म्हणजे २० लिटरच्या बादलीनं तेरा-चौदा खेपा. एकाच्या अंगावर टाकलं तर तो आठवड्यात वैतागतो. म्हणून झाकणाचे २०० लिटरचे दोन ड्रम घ्या, तेही खाद्यतेलाचे किंवा गुळाच्या पाकाचे. रसायनांचे जुने ड्रम स्वस्त मिळतात, ते घेऊ नका, कितीही धुतले तरी वास आणि अंश राहतो. एक ड्रम वापराचा, न्हाणीपाशी. दुसरा स्वयंपाकघराजवळ, त्यात हात किंवा मग बुडवायचा नाही, खालून तोटी बसवून घ्यायची. तोटी तळापासून चार बोटं वर लावा, गाळ खाली बसतो.

पहाटे पाचला हापशावर जाऊ नका. ती गावातल्या बायकांची वेळ असते, सहा पोरं बादल्या घेऊन उभी राहिली की रांग लांबते आणि नाराजी तोंडावर कोणी बोलून दाखवत नाही. सकाळी नऊनंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास भरा.

दोन्ही ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामे करून घासायचे. आरोग्य खातं ज्याला कोरडा दिवस म्हणतं तो हाच. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून डासापर्यंतची वाढ साधारण आठवड्याभरात होते. नुसतं पाणी ओतून टाकलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात, काथ्यानं घासावंच लागतं.

जलसुरक्षक_विदर्भ

रानवाट यांच्या म्हणण्यात पिण्याच्या पाण्याची भर घालतो.

ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, त्याला पहिल्याच आठवड्यात भेटा. तुमच्या ग्रामपंचायतीला कोणतं कार्ड आहे आणि तुमच्या हापशाची तपासणी कशी निघाली ते विचारा. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची तपासणी होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल असेल तर स्रोतांच्या आसपास सांडपाणी मुरतंय, ओटा फुटलाय किंवा शुद्धीकरण होत नाही असं समजा.

घरच्या घरी क्लोरीन घालायचं तर टीसीएल (ब्लीचिंग) पावडर सरळ ड्रममध्ये टाकू नये. १००० लिटरला चांगली पावडर अडीच ग्रॅम लागते. तुमच्या २०० लिटरला अर्धा ग्रॅम. ती कोणाच्याही चिमटीत नीट मोजली जात नाही, एक दिवस पाण्याला भपकारा येतो आणि दुसऱ्या दिवशी काहीच उरत नाही. त्यापेक्षा द्रावण करा. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं. ३० ग्रॅम पावडर किराणा दुकानात तोलून घ्या, थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एक लिटर भरेपर्यंत पाणी घाला. अर्धा तास ठेवलं की चुना खाली बसतो. वरचं नितळ पाणी गडद रंगाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत भरा. हे झालं एक टक्क्याचं द्रावण. २० लिटरच्या बादलीला २ मिली, २०० लिटरला २० मिली. सुईविना ५ मिलीची सिरिंज बाटलीला दोऱ्यानं बांधून ठेवा. घातल्यावर ढवळा आणि अर्धा तास थांबा, त्याआधी पिऊ नका.

द्रावण आठवड्याला नवं करायचं. पावडर ओल्या हवेत आणि उजेडात मरते, पिशवी उघडी राहिली तर महिन्याभरात नुसता चुना उरतो. हे बरोबर चाललंय का ते कळायला ओटी टेस्ट करा, जलसुरक्षकाकडे त्याची बाटली असते. पाण्यात थेंब टाकले की पिवळसर रंग आला पाहिजे, आणि तो पट्टीवरच्या ०.२ ते ०.५ च्या आसपास जुळला पाहिजे. रंग आलाच नाही तर डोस वाढवायच्या आधी पावडर बदला.

गढूळ पाण्यात क्लोरीन वाया जातं, ते मातीशीच लढत बसतं. आधी चौपदरी सुती कपड्यातून गाळा, तुरटी पाच-सहा वेळा फिरवा, तासभर निवळू द्या, वरचं पाणी काढून मग औषध घाला.

चूलबंद

एवढा खटाटोप करण्यापेक्षा उकळून का घेऊ नये? खळखळून एक मिनिट उकळलं की जंतू मरतात.

जलसुरक्षक_विदर्भ

मरतात, वादच नाही. पण सहा जणांचं पिण्याचं पाणी दिवसाला १८-२० लिटर, ते उकळायला गॅस किती जातो बघा. शिवाय उकळलेलं पाणी थंड होताना उघड्या भांड्यात पुन्हा दूषित होतं. क्लोरीन पाण्यात उरतं आणि नंतर बुडालेल्या हाताचीही थोडी काळजी घेतं. कोणी आजारी असेल किंवा टीसीएल संपली असेल तर उकळा. रोजच्यासाठी औषधच बरं.

खर्डेघाशी

आता मेस. सहा जणांच्या घरात पैशांवरून जेवढं बिनसतं, त्यातलं निम्मं पहिल्या महिन्याचा हिशेब कसा मांडला यावर ठरतं.

खर्चाचे दोन भाग करा. भाडं, वीज, गॅस, फिनाइल, काडेपेटी, केरसुणी हा घराचा खर्च, तो सरळ सहा भाग. किराणा, भाजी, दूध हा ताटाचा खर्च, तो थाळीवर. स्वयंपाकघराच्या दाराला एक वही लटकवा, तारखेपुढे सहा रकाने. दुपार एक थाळी, रात्र एक थाळी, नाश्ता अर्धी. जो फेरीवर गेला त्याच्या रकान्यात फुली. वही त्या दिवशीच्या स्वयंपाकाच्या पाळीवाल्यानं रात्री भरायची, ज्यानं त्यानं स्वतःची नाही.

उदाहरण घ्या. महिन्याचा ताटाचा खर्च १६,२०० रुपये आला आणि सगळ्यांच्या मिळून थाळ्या ३६० भरल्या. थाळी पडली ४५ रुपयांना. जी सतत फेऱ्यांवर होती आणि ३८ थाळ्या जेवली तिचे १,७१० रुपये. जो घरीच होता, ७२ थाळ्या, त्याचे ३,२४०. सरसकट वाटणी केली असती तर दोघांनाही २,७०० आले असते, आणि पहिलीला तिसऱ्या महिन्यात ते बोचायला लागलं असतं.

पाहुणा आला तर त्याची थाळी ज्याचा पाहुणा त्याच्या नावावर. गावातलं कोणी जेवायला बसलं तर ती थाळी घराच्या खर्चात. हे आधीच लिहून ठेवा, नाहीतर गावकऱ्याला जेवू घालणाऱ्यालाच दंड बसल्यासारखं होतं.

प्रत्येकी १,००० रुपये अनामत पहिल्याच दिवशी गोळा करा आणि रोख ठेवा. आठवडी बाजारात आणि पावसात नेटवर्कचा भरवसा नाही, फोनवरून पैसे भरू म्हणून गेलेला माणूस रिकाम्या पिशवीनं परत येतो. अनामत वर्षअखेरीला परत द्यायची असते, म्हणून तिला चालू खर्चात मोजायचं नाही.

चूलबंद

थाळीची पद्धत हिशेबाला चोख आहे, पण तिची एक खोड आहे. लोक थाळी वाचवायला लागतात. रात्री बिस्किटं खाऊन झोपायचं आणि फुली मारायची. तरुण, दिवसभर पायी हिंडणारी पोरं अशानं अशक्त होतात. सहाही जण बहुतेक दिवस घरीच जेवणार असतील, थाळ्यांमधला फरक किरकोळ असेल, तर समान वाटणीच ठेवा. फरक मोठा असेल तरच थाळी.

खर्डेघाशी

मान्य. यावर तोड अशी की सकाळी नऊपर्यंत सांगितलं नाही तर थाळी धरली जाते, जेवा किंवा न जेवा. तांदूळ त्याच अंदाजानं शिजत असतो, त्यामुळे हे न्याय्यही आहे. फुली फक्त मुक्कामी बाहेर असलेल्याला.

सांबारवडी

पावसाळ्याच्या साठ्याचं मी लिहिते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा आलापल्लीकडचा रस्ता बंद होतो, आणि आतल्या गावांना लहान नालेही अडवतात. सहा जणांचा तीन आठवड्यांचा साठा जूनच्या पहिल्या आठवड्यात घरात असला पाहिजे.

तांदूळ ३० किलो. पुस्तकी हिशेबानं माणशी वेळेला १०० ग्रॅम धरून पंचवीस किलोंत भागतं, पण चालणाऱ्या पोरांना कमी पडतं. तूर, मूग, मसूर मिळून ९ किलो. तेल साडेतीन-चार लिटर. कांदे ७ किलो, आलू १० किलो, पण एका टोपलीत ठेवू नका, कांद्याशेजारी आलू लवकर कोंबारतात. वाटाणा, चणा, बरबटी अशी कडधान्यं ४ किलो, सोयावडी एक किलो. साखर २ किलो, मीठ दीड, दूध पावडर दीड किलो (१३० ग्रॅमला साधारण लिटरभर दूध होतं, रोज दोन वेळच्या चहाला पुरतं). कणीक ५ किलोंपेक्षा जास्त भरू नका, ओल्या हवेत तिला अळी आणि कडवटपणा लवकर येतो. त्यापेक्षा गहू ठेवा आणि गावातल्या चक्कीवर लागेल तसे दळा.

डाळींना एरंडेल तेल चोळून ठेवा, हाताला ओशट लागेल इतकंच. गव्हात वाळवलेला कडुनिंबाचा पाला. तांदूळ आणि डाळी पत्र्याच्या कोठीत, कोठी विटांवर, भिंतीपासून वीतभर लांब. भिंतीला टेकवली की मागून ओल येते, उंदीरही तिथूनच वर चढतो. पोत्यात ठेवलेला तांदूळ ऑगस्टपर्यंत टिकत नाही.

ताजी भाजी बाहेरून मिळाली नाही तरी गावात अंबाडी, कोचई (अळू), वास्ते (बांबूचे कोंब), रानभाज्या असतात. शेजारच्या आजीला विचारून, ती ज्या पद्धतीनं शिजवते तशीच शिजवा. अनोळखी अळंबी स्वतःच्या मनानं कधीच नको. गावातली जाणती बाई दाखवेल तीच, आणि तिनं पाहिल्यावरच.

एक वेळ वरण-भात, एक वेळ पोळी-भाजी असं ठरवलं की गॅस आणि वेळ दोन्ही वाचतं. भात कुकरला लावताना त्याच पाण्यावर वरच्या डब्यात डाळ लावा. १४.२ किलोचा सिलिंडर सहा जणांत साधारण महिना जातो, आंघोळीचं पाणी गॅसवर तापवलं तर वीस दिवस. पाणी बाहेर चुलीवर तापवा. दुसरा सिलिंडर भरलेला हवा, नाहीतर ५ किलोचा छोटा तरी. तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

सिलिंडर बदलल्यावर रेग्युलेटर आणि नळीच्या जोडावर साबणाचा फेस लावून बघा, बुडबुडे आले तर चालू करू नका. काडीनं तपासू नका. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांच्या वरची नळी बदला. आणि कोणीही सिलिंडर असलेल्या खोलीत झोपायचं नाही. गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो.

उपकेंद्र

मी आरोग्याच्या बाजूनं लिहितेय, हे सगळ्यांनी नीट वाचा.

गडचिरोलीत हिवताप आहे आणि त्यात फाल्सिपेरम या धोकादायक प्रकाराचं प्रमाण मोठं आहे. मच्छरदाणी ही सहाही जणांनी रोज, बाराही महिने वापरायची. औषधी मच्छरदाणी घ्या. ती साध्या साबणानं थंड पाण्यात धुवायची, घासायची नाही, सावलीत वाळवायची. उन्हात टाकली की औषध लवकर जातं. साधारण वीस धुण्यांपर्यंत किंवा तीन वर्षं तिचा गुण राहतो, म्हणून दर आठवड्याला धुवू नका.

लावायची पद्धत महत्त्वाची. अंधार पडायच्या आधी सोडायची आणि कडा गादीखाली चारही बाजूंनी खोवायच्या. लोंबत ठेवलेली मच्छरदाणी निरुपयोगी. झोपेत कोपर किंवा गुडघा जाळीला टेकला तर डास बाहेरून चावतो, म्हणून दोघांत एक लहान मच्छरदाणी वापरू नका. भोक पडलं तर त्याच दिवशी शिवा.

खोवलेल्या मच्छरदाणीचा दुसरा उपयोग सापापासून. मण्यार रात्री फिरते, घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. चावा दुखत नाही, सूजही फारशी येत नाही, त्यामुळे डास चावला असं वाटून माणूस परत झोपतो. पहाटे पोटात कळ, घसा धरल्यासारखा, पापण्या जड होऊन मिटायला लागणं, ही लक्षणं. अशा वेळी जखम दिसत नाही म्हणून थांबायचं नाही. म्हणून पहिल्या पगारातून सहा बाजा घ्या, जमिनीवर कोणीही झोपू नका. बाज भिंतीपासून हातभर लांब, आणि मच्छरदाणीचं टोक जमिनीला लागता कामा नये. उशाशी टॉर्च ठेवा. रात्री उठताना आधी उजेड, मग पाय. बूट घालण्याआधी झटका. सरपण घराला लागून रचू नका.

चावलाच तर हात किंवा पाय फळीला बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, चोखणं, काहीही करू नका. साप मारून आणायची गरज नाही. पहिल्या आठवड्यात एक चौकशी करून ठेवा: प्रतिसर्पविष लस जवळ कुठे आहे आणि कृत्रिम श्वासाची सोय कुठे आहे. मण्यारीच्या विषानं श्वासाचे स्नायू थकतात, म्हणून दुसरं उत्तर पहिल्याइतकंच महत्त्वाचं. दोन्ही ठिकाणं आणि गावातल्या चारचाकीवाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. फोनची बॅटरी संपली तरी भिंत वाचता येते.

ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंकडे रक्ताची तपासणी. किटवर पंधरा-वीस मिनिटांत कळतं. रविवार आहे, उद्या बघू, असं नको. तपासणी होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको, डेंग्यू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. हिवताप निघाला तर गोळ्या पूर्ण दिवस घ्यायच्या, ताप उतरला म्हणून सोडायच्या नाहीत. गुंगी, सतत उलट्या, झटके, काळपट लघवी यातलं एकही दिसलं तर घरी थांबू नका.

पळसफूल

उपकेंद्र ताई, फार उपयोगी. त्वचेच्या तक्रारी फार होतात असं ऐकलंय, खरं का?

उपकेंद्र

खरं आहे, आणि एकत्र घरात त्या सगळ्यांना होतात. पावसात कपडे वाळत नाहीत, ओलसर अंतर्वस्त्रं घातली की जांघेत गजकर्ण येतं. उपाय साधा: पडवीत छपराखाली दोरी, कपडे एकावर एक न टाकता ताणून, आणि अंतर्वस्त्रं शक्य तेव्हा इस्त्री करून. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा, वेगळ्या खिळ्यावर.

दुकानातून पांढरं मिश्र मलम आणू नका. त्यात स्टिरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते आणि मग चट्टा दुप्पट पसरतो. साधं बुरशीविरोधी मलम, चट्ट्याच्या बाहेर दोन बोटांपर्यंत, चट्टा गेल्यावरही दोन आठवडे.

रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुळ्या असं असेल तर ती खरूज. एकाला झाली तरी सहाही जणांनी एकाच रात्री औषध लावायचं, मानेपासून तळव्यांपर्यंत, सकाळी धुवायचं, आठवड्याभरानं पुन्हा. पांघरुणं आणि कपडे गरम पाण्यात, जे धुता येत नाही ते चार-पाच दिवस पिशवीत बंद करून. एकट्यानं उपचार घेतला तर ती घरात फिरत राहते.

वायरमन

विजेचं थोडक्यात. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी १२ व्होल्टची असते, कागदावर १,८०० वॅट-तास. पूर्ण उतरवायची नसते आणि थोडी वीज इन्व्हर्टरमध्ये वायाही जाते, हाती १,१०० च्या आसपास लागतात. चार ९ वॅटचे दिवे आणि दोन साधे ७५ वॅटचे पंखे मिळून १८६ वॅट, म्हणजे सहा तास. तेच पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले तर ९६ वॅट, अकरा तासांच्या वर. पंखे महाग पडतात पण दोन दिवस वीज नसताना हाच फरक कळतो. दोनच पंखे घ्या, मुलींच्या आणि मुलांच्या खोलीत एकेक.

बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी. आरओचं किंवा उकळलेलं चालत नाही, क्षार प्लेटांवर बसतात. महिन्यातून एकदा पातळी बघा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, म्हणून बंद खोलीत, बिछान्याखाली, देवघराजवळ ठेवू नका. वीज नसताना मोबाइल आणि मच्छर मारायची रॅकेट आधी चार्ज करायची, लॅपटॉप शेवटी. कवेलूच्या घरात पाणी जिथे गळतं त्या भिंतीवरचा बोर्ड पावसाआधी हलवून घ्या. अर्थिंग आहे का ते गावातल्या वायरमनकडून तपासा, बऱ्याच घरांत नसतं.

रानवाट

दोन खड्ड्यांच्या संडासाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. यात एका वेळी एकच खड्डा चालू असतो. भांड्याच्या मागे लहान चौकोनी चेंबर असतं, त्यात दुसऱ्या खड्ड्याचं तोंड वीट-मातीनं बंद केलेलं असतं. राहायला जाताच चेंबरचं झाकण काढून बघा. बऱ्याच घरांत दोन्ही तोंडं उघडी असतात, मग दोन्ही खड्डे एकदम भरतात आणि पद्धतच मोडते.

ग्रामीण भांड्याला उतार जास्त असतो, दीड-दोन लिटर पाणी पुरतं. बादलीभर ओतलं तर खड्ड्यात पाणी मुरायला वेळ लागतो, पावसाळ्यात तर जमीन आधीच भरलेली. ॲसिड आणि फिनाइल भांड्यात ओतू नका, खड्ड्यातले जिवाणू मरतात, मैला कुजत नाही आणि वास येतो. राख आणि ब्रश पुरे. भरलेला खड्डा बंद करून किमान दीड वर्ष उघडू नका, मग आत खत होतं.

पॅड, गुटख्याच्या पुड्या, केस भांड्यात नको. पॅडसाठी झाकणाचा वेगळा डबा आणि घरामागे खोल खड्डा, कुत्री उकरणार नाहीत इतका. ही जबाबदारी मुलींवरच सोडू नका, खड्डा खणणं आणि बुजवणं पाळीत घ्या.

तेंदूपत्ता

पाळ्यांचं सांगते. "सगळ्यांनी मिळून करू" असं ठरलं की दोघंच करतात. वार नव्हे, काम वाटा, आणि जोडीनं वाटा. तीन जोड्या: एक स्वयंपाक, एक पाणी आणि औषध, एक झाडलोट, भांडी आणि संडास. जोडी आठवड्यानं पुढे सरकते. जोडीत शक्यतो एक फेरीवर जाणारा आणि एक घरी असणारा हवा, म्हणजे काम अडत नाही. जोड्या दर दोन महिन्यांनी बदला. भांडी ज्याची त्यानं, पातेली आणि कुकर जोडीनं. उष्टं रात्रभर ठेवायचं नाही, उंदीर येतो आणि उंदरामागून साप.

पाळी चुकली तर दंड पैशांत ठेवू नका. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दंड भरून मोकळा होतो. चुकलेली पाळी दुसऱ्या दिवशी करायची, इतकंच. रविवारी अर्धा तास घराची बैठक, कामाची नाही. वही, साठा, गळणारं छप्पर, कोणाला काय खुपतंय. सहा जण दिवसरात्र एकत्र असताना राग जेवणाच्या ताटावर निघतो, त्याला दुसरी ठरलेली जागा हवी.

गावाबद्दल. मुलं-मुली एका घरात राहतात हे गावाला नवीन असतं. गावपाटील आणि भूमया (गावचं देवकार्य करणारे) यांना पहिल्याच दिवशी सगळ्यांनी मिळून भेटा, कोण कुठलं, काय काम, किती दिवस, ते सांगा. मुलींच्या खोलीला आतून कडी आणि न्हाणीला नीट दार, हे मालकाकडून राहायला जाण्याआधी करून घ्या. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्या, मालकाला सोबत घेऊन जा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, घरात बाटली ठेवणं हा गुन्हा आहे आणि बंदीसाठी लढलेल्या बायकांच्या जिल्ह्यात ते शोभतही नाही. सणाला मोहाची देतील, तर हात जोडून "औषध चालू आहे" म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. लोकांचे, विशेषतः मुलांचे फोटो न विचारता काढू नका.

माडिया शिका. रोज पाच वाक्यं, शेजारच्या पोरांकडून. पाणी भरायला, बाजाराला, आजाऱ्याची चौकशी करायला पुरेल एवढी भाषा दोन-तीन महिन्यांत येते, आणि ती आली की निम्मी कामं सोपी होतात.

पळसफूल

एक शेवटचं विचारते. कोणी मध्येच सोडून गेलं तर हिशेबाचं काय? आणि नवीन कोणी आलं तर?

खर्डेघाशी

सोडणाऱ्यानं पंधरा दिवस आधी सांगायचं. त्या तारखेला कोठीतला साठा मोजा, उरलेल्या मालाची किंमत खरेदीच्या भावानं काढा. तो माल आजवरच्या खर्चातून वजा करूनच थाळीचा दर काढायचा, नाहीतर जाणाऱ्याच्या माथी पुढच्या महिन्याचा तांदूळ बसतो. वीजबिल मागाहून येतं, त्यामुळे मीटरचं रीडिंग त्या दिवशी लिहून घ्या. हे वजा करून अनामत परत.

नवीन येणारा अनामत भरतो आणि त्या दिवसापासून त्याच्या थाळ्या. सामाईक वस्तूंची यादी वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा: बाजा, ड्रम, इन्व्हर्टर, कुकर, कोणी किती पैसे घातले. वर्ष संपल्यावर त्या विकून पैसे वाटण्यापेक्षा पुढच्या गटाला निम्म्या किमतीत द्या. भामरागडहून बाज किंवा बॅटरी परत नेण्याचं गाडीभाडंच तिच्या किमतीएवढं होतं. मच्छरदाण्या मात्र प्रत्येकाच्या स्वतःच्या, त्या यादीत धरू नका. आणि यादीवर मालकाची सही घ्या, पंखे त्याचे की तुमचे हा वाद ऐन निघताना उभा राहतो.